चार अँटेना हॉलच्या चार कोपऱ्यांत लावल्या, स्पीड वाढायच्या ऐवजी पॅकेट गळतायत. कुठे चुकतंय?

अर्धवट_इंजिनिअर

नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे आणि विषय घेतलाय डिस्ट्रिब्युटेड मायमो. म्हणजे एकाच राउटरवर चार अँटेना बोटभर अंतरावर ठेवण्यापेक्षा त्या हॉलच्या चार कोपऱ्यांत लांब लांब ठेवायच्या आणि चौघींनी मिळून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, जणू एकच ट्रान्समीटर असल्यासारखं पाठवायचं. सिम्युलेशनमध्ये एकदम झकास चाललं, ग्राफ बघून गाइड पण खूश. मग हार्डवेअरवर आलो आणि तिथे सगळं फसलं.

सेटअप असा आहे की चार एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ) बोर्ड, प्रत्येक आपापल्या लॅपटॉपला यूएसबीने, पाचवा बोर्ड रिसिव्हर म्हणून मधल्या टेबलावर, त्याला दोन अँटेना. २.४ गिगाहर्ट्झ, ओएफडीएम (डेटा अनेक बारीक फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवणं), पॅकेट साधारण १०० मायक्रोसेकंदांचं. टायमिंगसाठी एका बोर्डातून सेकंदाला एक पल्स काढून ती केबलने बाकी तिघांना दिलीय त्यामुळे सिंकचा प्रश्न मिटलाय असं मी धरून चाललोय. रिसिव्हर चारही चॅनल (प्रत्येक अँटेनापासून रिसिव्हरपर्यंतचा हवेतला रस्ता) मोजतो, आकडे नेटवर्कवरून लॅपटॉपना जातात, आणि प्रत्येक जण आपला फेज (लाट चढ-उतारात कुठे आहे ते) तेवढा उलटा फिरवून पाठवतो म्हणजे रिसिव्हरपाशी चारही लाटा एकावर एक चढाव्यात. मोजल्यापासून दुरुस्ती लागू होईपर्यंत ४० मिलिसेकंद जातात, पायथन आहे, काय करणार.

आता होतंय काय, की एकच बोर्ड चालू ठेवला तर सगळं शांत. दोन चालू केले की एक पॅकेट दणदणीत येतं, पुढचं जवळपास गायब, काही ताळतंत्रच नाही. आणि चारही चालू केले की निम्मी पॅकेट डिकोडच होत नाहीत. कोड तीनदा तपासला. चौपट स्पीड मिळेल असं रिपोर्टमध्ये आधीच लिहून बसलोय, त्यामुळे जरा घाई आहे.

शंकासूर

हे मोठ्या इमारतींत छताला ठिकठिकाणी छोट्या पांढऱ्या अँटेना लावतात तेच ना? का मेश राउटर? त्यात तर असला काही त्रास होत नाही, लावलं की चालतं.

बिनतारी_बाबा

नाही रे शंकासूर, तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही गल्लत खूप जण करतात. इमारतीतल्या त्या अँटेना म्हणजे डीएएस (डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टिम), त्यात बहुतेक ठिकाणी एकच सिग्नल सगळ्या अँटेनांना वाटून देतात, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यात रेंज पोचते पण एकूण डेटा तेवढाच, फक्त तो जास्त जागी ऐकू येतो. आयडिया जुनी आहे, १९८७ मध्ये बेल लॅब्समधल्या लोकांनी इमारतीच्या आत पसरलेल्या अँटेनांवर पेपर लिहिला होता. मेशमध्ये प्रत्येक डबा स्वतंत्र राउटर, एक बोलतो तेव्हा त्याच चॅनलवरचा दुसरा गप्प बसतो किंवा वेगळ्या चॅनलवर जातो. हा जे करतोय त्यात चौघं एकाच वेळी एकाच चॅनलवर बोलतात आणि हवेतच बेरीज-वजाबाकी घडवून आणतात. बेरीज जमली तर सोनं, नाही जमली तर एकमेकांचाच सिग्नल पुसून टाकतात. प्रश्नात लिहिलंय ते या पुसून टाकण्याचंच लक्षण.

तरंगलांबी

प्रश्नकर्त्या, तुझा कोड बरोबर असेल, घोळ "सिंकचा प्रश्न मिटलाय" या एका वाक्यात आहे.

सेकंदाला एक पल्स दिलीस त्याने काय झालं, तर सगळ्यांनी पॅकेट एकाच क्षणी सुरू केलं. ते लागतंच, कारण ओएफडीएमच्या सायक्लिक प्रिफिक्समध्ये (उशिरा पोचणाऱ्या लाटांसाठी राखलेल्या वेळात) सगळ्यांचे सिग्नल मावले पाहिजेत, आणि वाय-फायसारखं ०.८ मायक्रोसेकंद धरलं तर तेवढ्या वेळात रेडिओ लाट २४० मीटर जाते म्हणजे हॉलसाठी ऐसपैस जागा आहे. पण कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारी मूळ लाट? प्रत्येक बोर्ड स्वतःच्या क्रिस्टलवरून २.४ गिगाहर्ट्झ बनवतोय ना? मग ते चार वेगवेगळे २.४ गिगाहर्ट्झ आहेत. बऱ्यापैकी चांगला क्रिस्टल २ पीपीएमचा (दहा लाखांत २ ची चूक) धरला तरी २.४ गिगाहर्ट्झवर ४.८ किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे सरकू शकतो.

झोका ढकलायचं उदाहरण घे. चार जण मिळून एक झोका ढकलतायत, शिट्टी वाजली आणि चौघांनी एकदम सुरुवात केली, इथवर तुझी पल्स. पण पुढे प्रत्येक जण आपापल्या तालात ढकलतोय, एकाचा ताल किंचित जलद. पहिले दोन-चार झोके मस्त जातील, मग एक जण झोका मागे येत असतानाच ढकलेल आणि सगळी मेहनत पाण्यात.

हिशोब सोपा आहे. दोन बोर्डांत १ किलोहर्ट्झचा फरक असेल तर त्यांच्यातला फेज दर मिलिसेकंदाला पूर्ण ३६० अंश फिरतो. तुझी दुरुस्ती ४० मिलिसेकंद शिळी. म्हणजे तू ज्या फेजसाठी दुरुस्ती करतोयस तो फेज मधल्या काळात ४० वेळा गोल फिरून आलाय, त्यापेक्षा डोळे मिटून आकडा टाकलास तरी तेवढाच उपयोग. १० अंशांच्या आत राहायचं असेल तर त्या ४० मिलिसेकंदांसाठी दोन बोर्डांतला फरक ०.७ हर्ट्झच्या खाली हवा, आणि २.४ गिगाहर्ट्झवर ते पडतं साधारण ०.३ पीपीबी. पीपीएम नाही, पीपीबी, अब्जात ०.३. सुट्या क्रिस्टलकडून ही अपेक्षाच करू नये.

चार बोर्डांवर डिकोड का होत नाही तेही यातच आहे. रिसिव्हर पॅकेटच्या आत पायलट (आधीच माहीत असलेला सिग्नल) बघून फेज सरळ करत जातो, पण तो एकच फिरणं गृहीत धरतो. एकच ट्रान्समीटर असेल तर चालतं. इथे चार वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या गोष्टींची बेरीज येतेय, एका दुरुस्तीने चार चाकं कशी सरळ होणार.

आधी एक काम कर. एकेक बोर्ड चालू करून त्याच रिसिव्हरवर प्रत्येकाचा फ्रिक्वेन्सी ऑफसेट मोज आणि इथे टाक.

अर्धवट_इंजिनिअर

मोजलं. पहिल्या बोर्डाच्या तुलनेत दुसरा १.१ किलोहर्ट्झ, तिसरा २.६ किलोहर्ट्झ, चौथा फक्त ३०० हर्ट्झ. म्हणजे तिसरा १०० मायक्रोसेकंदांच्या पॅकेटमध्येच ९० अंशांच्या वर फिरतोय. आणि मी तीन आठवडे कोडमध्ये मायनस साइन शोधत होतो 🤦

सिम्युलेशनमध्ये एकच व्हेरिएबल होतं कॅरिअर फ्रिक्वेन्सी नावाचं, चौघांना तेच. तिथेच माती खाल्ली.

आता उपाय काय? जीपीएसवर लॉक होणारे ऑसिलेटर घ्यावेत का?

निवृत्त_आरएफ

घेऊ नकोस. जीपीएस लॉकवाले सरासरी फ्रिक्वेन्सी छान धरतात, पण दोन वेगळ्या डब्यांतला क्षणाक्षणाचा फेज तरी हिंडतोच, आणि हॉलच्या आत आकाश कुठून दाखवणार. तुझ्या बोर्डांना बाहेरून १० मेगाहर्ट्झ रेफरन्स घ्यायचं सॉकेट असेल. एक ऑसिलेटर, एक स्प्लिटर, चार केबल. केबलची लांबी सारखी नसली तरी चालते, तो फरक कायम राहतो आणि चॅनलच्या मोजमापात आपोआप जिरतो. आपल्याला फेज शून्य नको असतो, स्थिर हवा असतो. आमच्या काळीही नवे लोक इथेच अडायचे, शून्याच्या मागे लागायचे.

एक ध्यानात ठेव, १० मेगाहर्ट्झ दिल्यावर फ्रिक्वेन्सी लॉक होते पण प्रत्येक बोर्डातला पीएलएल (रेफरन्सवरून २.४ गिगाहर्ट्झ बनवणारं सर्किट) दर वेळी ट्यून करताना मनाला येईल त्या फेजला बसतो. एकदा ट्यून केलंस की परत हात लावायचा नाही. मध्ये फ्रिक्वेन्सी बदललीस की चॅनल पुन्हा मोज.

तरंगलांबी

बरोबर. आणि केबल नकोच असेल तर दुसरा मार्ग म्हणजे हवेतूनच सिंक. २०१२ मध्ये एमआयटीच्या एका टीमने दाखवलं होतं की एक ऍक्सेस पॉइंट म्होरक्या करायचा, तो प्रत्येक पॅकेटच्या आधी छोटी खूण पाठवतो, बाकीचे ती ऐकून आपला फेज म्होरक्याच्या तुलनेत किती सरकला ते थेट मोजतात आणि लगेच तेवढी दुरुस्ती करून त्याच्याबरोबर पाठवतात. यातली हुशारी अशी की फ्रिक्वेन्सीचा फरक मोजून पुढचा अंदाज बांधायचा नाही, कारण त्या मोजमापातली बारीक चूक वेळेबरोबर साचत जाते. दर पॅकेटला फेज नव्याने बघायचा, म्हणजे चूक साचायला वेळच मिळत नाही. पण हे एफपीजीएमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये) करावं लागेल, तुझ्या यूएसबी आणि पायथनच्या फेऱ्यात खूण ऐकून मायक्रोसेकंदांत उत्तर देणं शक्य नाही. प्रोजेक्टसाठी केबलच बरी.

बिनतारी_बाबा

फेजचं झालं, आता त्या "चौपट स्पीड"कडे वळू. ते वाक्य रिपोर्टमधून काढ भावा.

रिसिव्हरला अँटेना किती, दोन. मग एका वेळी वेगळे ओळखता येणारे डेटा स्ट्रीम जास्तीत जास्त दोन. पाठवणाऱ्या बाजूला चार लाव नाहीतर चारशे, एका रिसिव्हरला दोनाच्या वर स्ट्रीम मिळणार नाहीत, दोन समीकरणांतून चार अज्ञात काढता येत नाहीत तसंच आहे हे. उरलेल्या अँटेनांचा उपयोग सिग्नल ताकदवान करायला होतो. चार बोर्ड सारख्या ताकदीचे आणि फेज जुळलेले असतील तर ऍम्प्लिट्यूड (लाटेची उंची) चौपट, पॉवर सोळापट म्हणजे एका बोर्डापेक्षा १२ डीबी जास्त. फेज न जुळवता नुसते चार चालू केले तर सरासरी ६ डीबी. जुळवण्याची खरी कमाई ती वरची ६ डीबी. त्याने मॉड्युलेशन (एका वेळी किती बिट भरायचे ते) वरच्या पायरीवर जाईल, स्पीड वाढेल, पण चौपट नाही.

मग अँटेना पसरवायच्या कशाला असं कोणी विचारेल. माझ्या मते तीन गोष्टी आहेत, आणि पहिल्या दोन लोकांना पटकन कळतात, की कुठली ना कुठली अँटेना जवळ असते, आणि एखादी खांबाआड गेली तरी बाकीच्या दिसतात, एकाच जागी आठ असल्या तर आठही एकदमच खांबाआड जातात. तिसरी गोष्ट जास्त मजेची आहे. मोकळ्या हॉलमध्ये समोरासमोर, चार अँटेना बोटभर अंतरावर असतील तर रिसिव्हरला त्या एकाच दिशेने येताना दिसतात, सगळे चॅनल जवळजवळ सारखेच, त्यामुळे दोन स्ट्रीम वेगळे करणंच जड जातं. सिग्नल ठणठणीत आणि तरी स्ट्रीम एकच, असा विचित्र प्रकार होतो. त्याच अँटेना चार कोपऱ्यांत नेल्या की दिशा खरोखर वेगळ्या, आणि दोन्ही स्ट्रीम आरामात सुटे होतात.

चौपटीच्या जवळ जायचं असेल तर चार वेगळे रिसिव्हर ठेव, प्रत्येकाला वेगळा डेटा. एकूण स्पीड तेव्हा वाढतो, एकट्याचा नाही.

शंकासूर

म्हणजे माझ्या मोबाईलला काही फायदा नाही?

बिनतारी_बाबा

आहे की, गर्दीत. भरल्या हॉलमध्ये आता एकाच चॅनलवर सगळ्यांना आळीपाळीने थांबावं लागतं, तिथे एकाच वेळी चौघांना मिळालं तर तुझी पाळी लवकर येते.

अर्धवट_इंजिनिअर

अपडेट. स्प्लिटर मिळाला, चारही बोर्डांना एकच १० मेगाहर्ट्झ दिला. निवृत्त_आरएफ सर, तुम्ही म्हणालात तस्संच झालं, दर वेळी प्रोग्रॅम सुरू केला की फेज भलतेच आकडे दाखवतो पण एकदा बसला की तिथेच. बोर्ड गरम होईपर्यंत दहा मिनिटांत १५ अंश सरकला, त्यानंतर जागचा हलला नाही.

दोन बोर्डांवर एकापेक्षा ५.१ डीबी जास्त मिळाले, गणितात ६ येतात. चारांवर १०.३, गणितात १२. पॅकेट गळणं बंद!! ही कमी पडणारी डीबी फेजच्या चुकीमुळे का?

मग बाबांचं ऐकून दोन रिसिव्हर ठेवले, दोघांना वेगळा डेटा. इथे परत लोचा. पहिल्याचा सिग्नल दुसऱ्याकडे शून्य व्हायला पाहिजे तो होत नाही. आधी दोनच बोर्ड घेऊन नुसता नल (दोन लाटांनी एकमेकींना खोडून शून्य करणं) करून बघितला, ऍम्प्लिट्यूड पण सारखं केलं, तरी एका बोर्डाच्या पातळीपेक्षा १५ डीबी खाली जातो आणि तिथेच अडकतो. आणि कोणी हॉलमधून चालत गेलं की तेवढंही जातं.

तरंगलांबी

५.१ ची काळजी करू नकोस. दोन कोपरे रिसिव्हरपासून सारख्या अंतरावर नाहीत, दुसऱ्याचं ऍम्प्लिट्यूड पहिल्याच्या ०.८ असेल तर फेज परफेक्ट असूनही १.८ चा वर्ग ३.२४, म्हणजे बरोबर ५.१ डीबी. पसरलेल्या अँटेनांत हे चालायचंच, जवळची आणि लांबची सारखी कशी असेल.

नलचं मात्र तुला मुळातून समजून घ्यावं लागेल, कारण इथे बेरीज आणि वजाबाकीचा स्वभाव वेगळा आहे. दोन सारख्या लाटांची बेरीज करताना फेज ३० अंश चुकला तरी ६ डीबीच्या जागी ५.७ मिळतात, कोणाला कळणारही नाही. ६० अंश चुकला तरी ४.८. बेरीज फार दयाळू आहे. वजाबाकीत १० अंश चुकलास की उरलेला सिग्नल एका बोर्डाच्या १५ डीबीच खाली, म्हणजे नेमका तुझा आकडा. ५ अंशांवर २१ डीबी, आणि ३५ डीबीचा नल हवा असेल तर १ अंशाच्या आसपास राहावं लागतं. म्हणून एका रिसिव्हरला ताकद द्यायचा डेमो सगळ्यांचा चालतो आणि अनेकांना एकाच वेळी वेगळा डेटा द्यायचा डेमो निम्म्यांचा पडतो.

चालणाऱ्या माणसाचंही तेच. २.४ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. माणूस सेकंदाला १.४ मीटर चालतो, म्हणजे तुझ्या ४० मिलिसेकंदांत ५.६ सेंटिमीटर, जवळपास अर्धी लांबी. रिसिव्हर हातात घेऊन कोणी चाललं तर तुझी दुरुस्ती उलटी लागू होईल, जिथे नल हवा तिथे डोंगर. ४० चे २ मिलिसेकंद करता आले तर बघ.

अर्धवट_इंजिनिअर

मोजमापाचे आकडे नेटवर्कवरून परत आणण्यातच वेळ जातो. रिसिव्हरनेच एक पायलट पाठवला आणि चारही बोर्डांनी तो ऐकून आपापला चॅनल काढला तर? हवा तर दोन्ही दिशांनी सारखीच ना.

तरंगलांबी

वा, हे स्वतःहून सुचलं असेल तर मानलं. हवा सारखीच, पण तुझ्या बोर्डातला पाठवायचा रस्ता आणि ऐकायचा रस्ता वेगळा, ऍम्प्लिफायर वेगळा, फिल्टर वेगळा, प्रत्येकाचा फेज वेगळा. तेवढं कॅलिब्रेट करावं लागेल, बोर्डांनी आपसात एकमेकांना पाठवून आणि ऐकून. दर वेळी करायची गरज नाही, ट्यून केल्यावर एकदा आणि गरम झाल्यावर एकदा पुरतं. सेल-फ्री मॅसिव्ह मायमो म्हणून ज्याची चर्चा असते, २०१७ मध्ये न्गो, लार्सन, मार्झेट्टा वगैरेंचा पेपर आला तो, त्यात हीच पद्धत आहे. प्रत्येक अँटेना फक्त आपला चॅनल ऐकते, त्याचाच उलटा फेज लावते, शेजारणीचा चॅनल तिला माहीत असायची गरज नाही. नल तेवढे खोल मिळत नाहीत, पण अँटेना शेकड्यांनी असतील तर नुसत्या बेरजेवरच भागतं. तुझ्याकडे चार आहेत, तुला नल लागणारच.

निवृत्त_आरएफ

सगळं ठीक आहे पण मोबाईल नेटवर्कवाल्यांनी हे अजून सरसकट का केलं नाही तेही लिही रिपोर्टमध्ये, परीक्षक विचारतील. एलटीईच्या रिलीज ११ मध्येच कॉम्प नावाने आलं होतं, शेजारच्या टॉवरांनी मिळून पाठवायचं. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात प्रत्येक अँटेनाचे कच्चे सॅम्पल एका जागी न्यायचे तर तारच पुरत नाही. २० मेगाहर्ट्झ एलटीई, दोन अँटेना, सीपीआरआय लिंकवर (कच्चे सॅम्पल नेणाऱ्या तारेवर) सेकंदाला २.४५७६ गिगाबिट लागतात, आणि त्यातून ग्राहकांना मिळणार जास्तीत जास्त १५० मेगाबिट. सोळापट ओझं वाहायचं! अँटेना ६४ केल्या की ७८ गिगाबिट. त्यात फायबरमध्ये दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. म्हणून मग थोडं काम अँटेनापाशीच उरकायचं असं ठरलं, २०१७ ला ईसीपीआरआय, म्हणजे सीपीआरआयचा पुढचा अवतार, आलं ते त्यासाठीच. एरिक्सनने २०१९ मध्ये रेडिओ स्ट्राइप दाखवली, चिकटपट्टीसारखी केबल आणि त्यातच ओळीने अँटेना, डेटा, वीज आणि क्लॉक सगळं एकाच पट्टीतून. मला ती कल्पना आवडली, कारण क्लॉकचं दुखणं तिथे तारेनेच सुटतं.

आणि उलट दिशेने, मोबाईलकडून अँटेनांकडे, हे सगळं कितीतरी सोपं आहे, कारण बेरीज हवेत न होता कॉम्प्युटरमध्ये होते. चार बोर्डांनी ऐकलेलं रेकॉर्ड करून ठेव आणि फेज नंतर निवांत जुळव. वेळ कमी असेल तर आधी तेच दाखव.

बिनतारी_बाबा

वाय-फायचं पण टाक एक वाक्य. वाय-फाय ७ मध्ये अनेक ऍक्सेस पॉइंटनी मिळून काम करायचं घाटत होतं, शेवटी ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या पिढीवर ढकललं. तुझ्या तीन आठवड्यांकडे बघून कारण कळतंय.

अर्धवट_इंजिनिअर

अपलिंक आज संध्याकाळीच करून बघितलं, पहिल्याच रेकॉर्डिंगला दोन्ही रिसिव्हर (म्हणजे आता ट्रान्समीटर झालेले) स्वच्छ वेगळे निघाले, एवढं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं. डाउनलिंकसाठी कॅलिब्रेशन लिहायला घेतलंय, नल २२ डीबीपर्यंत आला. रिपोर्टमधलं "चौपट" खोडलं, त्या जागी दोन रिसिव्हरांचा एकूण आकडा टाकतोय.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी रिसिव्हर टेबलाला टेपने चिकटवणार आहे आणि परीक्षकांना खुर्चीतून उठू देणार नाही.

निवृत्त_आरएफ

पंखा बंद कर. पाती धातूची असतात.